जुने हॉलिवूड ॲक्शनपट पाहताना कोणाला कोणती जागा मिळाली, हे कसे तपासावे

नागपुरात मे महिन्याच्या दुपारी घराबाहेर पडण्याची सोय नसते. त्यामुळे धरमपेठेतल्या आमच्या घरी सुटीला आलेली भाचेकंपनी आणि मी कूलरसमोर बसून जुने हॉलिवूड ॲक्शनपट पाहतो. त्यांत गोऱ्या नायकाखेरीज इतरांना कोणती जागा मिळाली, हे तपासण्याची एक पद्धत त्यातून बसत गेली; ती येथे देत आहे. हिंसा भरपूर असल्यामुळे मुले दहावीच्या पुढची असावीत.

पहिला चित्रपट आपल्यालाच टोचणारा निवडावा. १९८४ चा ‘इंडियाना जोन्स अँड द टेंपल ऑफ डूम’ त्यासाठी योग्य आहे. कथा १९३५ च्या भारतातली. पण पटकथेवर भारत सरकारने आक्षेप घेतल्यामुळे चित्रीकरण श्रीलंकेत झाले आणि भारतीय गावकऱ्यांच्या तोंडी सिंहली भाषा आली. राजवाड्यातल्या मेजवानीत साप आणि माकडाचा मेंदू वाढला जातो, तेव्हा मुले आधी हसतात आणि मग चिडतात. आपल्याविषयी असे दाखवले असेल, तर इतरांविषयी काय दाखवले असेल, हे त्यांना त्याच क्षणी विचारावे. अमरीश पुरींचे काम मात्र मन लावून पाहावे; भूमिका एकसुरी आहे, नट नाही.

त्यानंतर वहीत तीन रकाने आखावेत: पात्राला नाव आहे का, त्याच्या निर्णयाने कथा वळते का आणि शेवटी त्याचे काय होते. नुसती डोकी मोजून काही हाती लागत नाही. दीक्षाभूमीच्या या शहरात वाढलेल्या मुलांना, कोणाचे नाव घेतले जाते आणि कोणाचे नाही, हा प्रश्न फारसा समजावून सांगावा लागत नाही. चित्रपट शक्यतो मूळ इंग्रजीत, उपशीर्षकांसह पाहावा, कारण हिंदी डबिंगमध्ये उच्चारांतले फरक पुसले जातात.

या रकान्यांसाठी १९८८ च्या ‘डाय हार्ड’इतका चांगला चित्रपट मला दुसरा सापडलेला नाही. जेम्स शिगेटा यांनी साकारलेले ताकागी हे जपानी-अमेरिकन गृहस्थ कंपनीचे प्रमुख आहेत. त्यांचा जीवनक्रम खलनायकच वाचून दाखवतो: क्योटोत जन्म, अमेरिकेत स्थलांतर, दुसऱ्या महायुद्धात मँझनारच्या छावणीतली नजरकैद, उच्च शिक्षण, पाच मुलांचे वडील. अमेरिकेने आपल्याच जपानी वंशाच्या नागरिकांना डांबून ठेवल्याचा उल्लेख तेवढ्या एका वाक्यात येतो आणि थोड्याच वेळात ताकागींना गोळी घातली जाते. येथे चित्रपट थांबवावा. आमच्याकडे भाचीने विचारले, “मामा, त्या पाच मुलांना कोणी कळवलं?” चित्रपट संपेपर्यंत त्याचे उत्तर मिळत नाही. असे प्रश्न वहीच्या समासात जसेच्या तसे लिहून घ्यावेत.

त्याच चित्रपटातला कृष्णवर्णीय पोलीस पॉवेल (रेजिनाल्ड व्हेलजॉन्सन) अधिक बारकाईने पाहावा. त्याला नाव आहे, विनोद आहे, दुःख आहे; वरिष्ठांना न जुमानता तो नायकाची बाजू घेतो. अंधारात खेळण्यातली बंदूक खरी समजून त्याने तेरा वर्षांच्या मुलावर गोळी झाडली होती आणि त्यानंतर त्याला कोणावरही पिस्तूल रोखता आले नाही. शेवटी तो पुन्हा गोळी झाडतो, आणि चित्रपट त्यालाच त्याचे सावरणे मानतो. मला हे पटत नाही. मेलेल्या मुलाला तर नावही नाही. पण मुलांना आपले मत आधी सांगू नये, त्यांचे रकाने भरून होऊ द्यावेत.

श्रेयनामावली पाहण्याची सवय लावावी. १९३९ च्या ‘गंगा दिन’मधला भारतीय पाणक्या सॅम जॅफी या गोऱ्या अमेरिकन नटाने रंग फासून साकारला. त्या काळाचे नियमही सांगावेत: हॉलिवूडच्या चित्रपटांत काय दाखवावे आणि काय नाही हे ठरवणाऱ्या, १९३४ पासून कडकपणे लागू झालेल्या निर्मितिसंहितेने कृष्णवर्णीय आणि गोऱ्यांमधले प्रेमसंबंध दाखवण्यास मनाई केली होती, आणि १९६८ मध्ये त्या संहितेची जागा वयोगटानुसार वर्गीकरणाने घेतली. मात्र रंग फासण्याची रीत संहितेबरोबर संपली नाही. १९८६ च्या ‘एलियन्स’मधली लॅटिनो (लॅटिन अमेरिकी वंशाची) सैनिक वास्केझ जेनेट गोल्डस्टीन या लॅटिनो नसलेल्या अभिनेत्रीने त्वचा गडद करून साकारली, आणि त्याच चित्रपटातल्या नायिकेच्या भूमिकेसाठी सिगर्नी वीव्हर यांना ऑस्करचे नामांकन मिळाले. या दोन्ही नोंदी वहीच्या एकाच पानावर, शेजारीशेजारी कराव्यात.