पवनचक्कीसाठी जमीन देण्यापूर्वी

साताऱ्यातील वनकुसवडे, धुळ्यातील ब्राह्मणवेल, सांगलीतील ढालगाव अशा ठिकाणी पवनचक्क्या कधीच्याच रुळल्या आहेत. आता बीड आणि धाराशिवच्या माळरानांवरही जमिनीची विचारणा होते. विचारायला येणारा बहुधा ओळखीतलाच मध्यस्थ असतो आणि तो फक्त मनोऱ्याच्या जागेबद्दल बोलतो. जमीनमालकाने मात्र रस्ता, तारा आणि करार संपल्यानंतरची स्थिती यांचा विचार आधी करावा, कारण पुढचे बहुतेक तंटे तिथेच उभे राहतात.

प्रथम वाऱ्याचे गणित समजून घ्यावे. वाऱ्यातील ऊर्जा त्याच्या वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे सेकंदाला 5 मीटरऐवजी 6 मीटर वेगाचा वारा मिळाला, तर ऊर्जा सुमारे 73 टक्क्यांनी जास्त मिळते. म्हणूनच ज्या माथ्यावरच्या खडकाळ तुकड्यात कुळीथही धड येत नाही, तोच कंपनीला हवा असतो, आणि घासाघीस करताना हे मनात पक्के असावे. महाराष्ट्रात पवनऊर्जेचा मोठा भाग पावसाळी वाऱ्यांच्या महिन्यांत तयार होतो. त्यामुळे मोबदला युनिटांशी जोडलेला असल्यास वर्षाची किमान रक्कम आणि दरसाल होणारी वाढ लिहूनच घ्यावी.

यानंतर सातबारा काढून 'इतर हक्क' हा रकाना सावकाश वाचावा. सोसायटीचा जुना बोजा फिटूनही तिथे तसाच राहिलेला असतो, तो आधी कमी करून घ्यावा. जमीन भोगवटादार वर्ग 2 ची (म्हणजे हस्तांतरावर सरकारी निर्बंध असलेली) किंवा आदिवासी खातेदाराची असल्यास सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय पुढे जाऊ नये. वाटणी झाली नसेल, तर सर्व सहहिस्सेदारांची संमती लागते, आणि त्यांत बहिणीही आल्या. (सह्या राखीपौर्णिमेला आल्यावर घेऊ, असे म्हणत इसार स्वीकारणारे भाऊ पुढे कोर्टाच्या पायऱ्या झिजवतात.)

एका वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा दुय्यम निबंधकाकडे नोंदवावाच लागतो. पाचशे रुपयांच्या स्टँपवरच्या नोटरीवर विसंबू नये. सर्वसाधारण कुलमुखत्यारपत्र तर मध्यस्थ कितीही जवळचा असला तरी देऊ नये, कारण त्याच्या आधारे तुमच्या माघारी दुसराच व्यवहार होऊ शकतो.

रस्त्याचे कलम सर्वांत बारकाईने वाचावे. आजच्या 3 मेगावॅटच्या यंत्राचे एक पाते 70 मीटरच्या आसपास असते आणि ते अखंड येते. असा ट्रेलर वळणावर आला की त्याचे शेपूट बांधापलीकडच्या शेतावरून फिरते. मग बांध फुटतो, कडेची बाभूळ तोडली जाते आणि पाइपलाइन चाकाखाली चिरडते. म्हणून रस्त्याची रुंदी, वळणाची जागा, क्रेनसाठी लागणारा सपाट चौथरा आणि तारांचा मार्ग मोजणीच्या नकाशावर रंगाने दाखवायला सांगावे, तो नकाशा कराराला जोडावा आणि त्याच्या प्रत्येक पानावर दोन्ही बाजूंच्या सह्या घ्याव्यात. रस्त्याच्या भरावामुळे ओढ्याचे पाणी अडू नये म्हणून नळमोऱ्या कुठे टाकणार, हेही त्यातच यावे. तारा किंवा पात्यांचा फेरा शेजाऱ्याच्या हद्दीवरून जात असेल, तर त्याची संमती कंपनीने स्वतंत्रपणे घ्यावी. ते काम तुमच्या गळ्यात पडू देऊ नये.

यंत्राचे आयुष्य साधारण 20 ते 25 वर्षांचे धरतात. दरम्यान प्रकल्प दुसऱ्या कंपनीला विकला जाऊ शकतो, म्हणून भाड्याची आणि दुरुस्तीची जबाबदारी नव्या मालकावरही बंधनकारक राहील, असे कलम हवे. शेवटी मनोरा उतरवला तरी लोखंड आणि काँक्रीटचा पाया जमिनीतच राहतो, आणि त्यावर नांगर चालत नाही. तो किती मीटर खोलीपर्यंत फोडून काढायचा, वर माती किती टाकायची आणि या खर्चासाठी बँक हमी किती रकमेची, हे आकड्यांत लिहून घ्यावे. 'जमीन पूर्ववत करून देऊ' एवढ्याच शब्दांखाली सही करू नये.