पीएसपीवरचा ‘स्कारफेस’ खेळताना या चुका टाळा

पीएसपी हे सोनीचं हातात धरून खेळायचं गेम-यंत्र. पहिली चूक त्याची डिस्क विकत घेतानाच होते. १९८३च्या ‘स्कारफेस’ सिनेमावरून २००६ मध्ये दोन वेगळे गेम निघाले. पीएस-टू, एक्सबॉक्स आणि कॉम्प्युटरवरच्या ‘द वर्ल्ड इज युअर्स’मध्ये मायामीभर गाडी पळवायची आणि गोळीबार करायचा. पीएसपीवरचा ‘मनी. पॉवर. रिस्पेक्ट.’ पूर्ण निराळा आहे: शहराचा नकाशा, त्यात पाडलेले इलाके आणि आळीपाळीने चाली. पहिल्याचीच छोटी आवृत्ती समजून घेतलात तर दहा मिनिटांत वैतागाल. तुमच्याकडे पीएसपी-गो किंवा सोनीचाच नंतरचा व्हिटा असेल तर डिस्क घेऊच नका, त्यांत यूएमडी, म्हणजे पीएसपीची ही छोटी डिस्क, बसायला जागाच नाही. अमेरिकेतल्या भावाने तिकडून आणलेली डिस्क मात्र बिनधास्त लावा. देशांप्रमाणे कुलूप यूएमडीवरच्या सिनेमांना असतं, गेमना नाही.

आता खेळाकडे. सिनेमातला गुंड नायक टोनी मोंटाना ज्या घाईने वर चढतो, तीच घाई इथे अंगाशी येते. शेजारचा इलाका मोकळा दिसला की नवा खेळाडू लगेच माणसं घुसवतो. समजा, तुमच्याकडे दहा माणसं आहेत. दोन इलाके असतील तर प्रत्येकी पाच बसतात, पाच घेतलेत की दोन-दोनच उरतात. मग समोरच्याने चार जण एकाच ठिकाणी पाठवले की तो इलाका गेलाच. अंथरूण पाहून पाय पसरावे, हे या नकाशाइतकं स्पष्ट मला दुसऱ्या कुठल्या गेममध्ये दिसलं नाही. चाल करण्याआधी बोटाने मोजा: हा इलाका घेतला तर शत्रूला लागून असलेल्या हद्दी वाढतात की कमी होतात? कमी होत असतील तर जरूर घ्या. वाढत असतील तर एक डाव थांबा आणि आधी मागची बाजू भरा.

खेळातली दुसरी गफलत हिशेबाची. हा गेम अर्धा मारामारीचा आणि अर्धा धंद्याचा आहे: माल मिळवायचा, विकायचा आणि त्या पैशावर टोळी पोसायची. सगळी रोकड हत्यारांत घातलीत तर पुढच्या डावात विकायला काही नसतं, आणि त्याच डावात हल्ला झाला तर हात बांधलेले. मी दर डावात थोडी रक्कम न वापरता ठेवतो. सुरुवातीला चाल हळू वाटते, पण मधल्या टप्प्यात त्याच पैशावर टोळी तगते.

सगळ्यात जास्त जीव जळतो तो सेव्ह न करण्याने. पॉवरचं बटण वर सरकवून सोडलं की पीएसपी झोपतो, बंद होत नाही. त्या झोपेत बॅटरी संपली की चालू खेळ गेला. मी असाच एका रविवारचा पूर्ण खेळ गमावला. तेव्हापासून झोपवण्याआधी सेव्ह करतोच. सेव्ह होताना मेमरी स्टिकचा नारिंगी दिवा लुकलुकतो. तो थांबेपर्यंत कार्डाला हात लावू नका.

बॅटरीवरचं झाकण नीट बसत नसेल तर दाबून बसवू नका, बॅटरी फुगली असेल. ती काढून ठेवा. थेट चार्जरवरही पीएसपी चालतो, फक्त वीज गेली की खेळही जातो.

डिस्क वाचताना करकर आवाज येत असेल तर यूएमडी उजेडात धरून बघा. जुन्या डिस्कच्या कवचाचा पारदर्शक भाग कडेने सुटतो आणि आतली चकती घासते. टाचणीच्या टोकाने कडेला सुपरग्लूचे दोन-तीन थेंब पुरतात. रात्रभर उघड्यावर वाळू द्या, कारण त्या गोंदाच्या वाफेने प्लास्टिकवर पांढरट थर बसतो, आणि ओली डिस्क आत घातलीत तर तो लेन्सवरही बसेल.