बोट पानशेतला नेताय? ट्रेलरची स्टेपनी घेतली का?

पाऊस सरला, धरण भरलंय, म्हणजे आता बोटी बाहेर निघणार. निघा, पण आधी स्टेपनी बघा. गाडीची नाही, ट्रेलरची.

मागच्या वर्षी आमची सव्वातेरा फुटी एंटरप्राइझ, म्हणजे छोटी शिडाची बोट, घेऊन निघालो आणि खानापूरच्या अलीकडे ट्रेलरचं डावं चाक बसलं. डिकीत बोटीपुढे फोडायचा नारळ होता आणि गाडीची स्टेपनी होती. ट्रेलरला दोन्हींचा उपयोग सारखाच. आमच्या ट्रेलरला रिक्षाच्या मापाचा टायर आहे, ४.००-८. एक रिक्षावाले थांबलेही, पण त्यांच्या रिमची भोकं आमच्या हबला, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या भागाला, जुळेनात. बरं, चाक काढून पंक्चरवाल्याकडे न्यावं, तर गाडीचा पान्हा ट्रेलरच्या नटावर नुसता गरगर फिरतो. सकाळचा सगळा वारा मी बोटीच्या सावलीत बसून खाल्ला. तेव्हा स्टेपनी, ट्रेलरच्या नटाचा पान्हा, जॅक, जॅकखाली लाकडी ठोकळा. आणि स्टेपनीत हवा! वर्षभर टांगलेली स्टेपनी स्वतःच बसलेली असते.

चालत्या टायरांची हवा बघालच. पण बाजूचं रबर नखाने दाबून बघा. ट्रेलर अकरा महिने सोसायटीच्या उन्हात उभा असतो. नक्षी नवीकोरी दिसते आणि बाजूला चिरा पडलेल्या असतात. फुटतो तो तिथेच.

ट्रेलरचा कपलर गाडीमागच्या गोळ्यावर, म्हणजे बॉलवर, बसवून खिट्टी लावली की जॉकी व्हीलचा (नाकाखालचं छोटं चाक) दांडा फिरवून ट्रेलरचं नाक वर उचला. गाडीचा मागचा भाग सोबत उचलला गेला तरच कपलर बॉलवर बसलाय, नाहीतर नुसता टेकलाय. मग जॉकी व्हील वर घेऊन घट्ट करा. सेफ्टी चेन कपलरखालून फुली करून लावा. कपलर निसटलाच तर नाक चेनवर झेललं जातं, डांबरात घुसत नाही. एकूण वजनाचा साधारण दहावा भाग नाकावर हवा. घरातला वजनकाटा नाकाखाली ठेवा, कळेल. बोट मागे सरकली असेल तर वेग घेतला की ट्रेलर शेपूट हलवायला लागतो, आणि ते एकदा सुरू झालं की ब्रेक मारून थांबत नाही, बिघडतं.

पट्ट्यांखाली गोधडीचे तुकडे घाला, नाहीतर हल (बोटीचं अंग) दबतो. पुढची दोरी वेगळी बांधा. सुकाणू आणि बूम (शिडाखालची आडवी काठी) गाडीत. डोलकाठी मागे बाहेर येते, टोकाला लाल फडकं. बोटीतलं पाणी काढायच्या भोकाचं बूच प्रवासात उघडं ठेवा. वाटेत सर आली आणि शंभर लिटर पाणी साठलं, तर ते शंभर किलो झालं, म्हणजे आणखी एक बोटच. दिवे, इंडिकेटर, ट्रेलरची नोंदणी, विमा: सांगायला नको.

स्टेपनी? एकदा हात लावून या. मी थांबतो.

रविवारी पहाटे निघा, नाहीतर सिंहगडाच्या गर्दीत अडकाल. गतिरोधकावर गाडी एकदा आणि ट्रेलर नंतर आदळतो, तोवर ॲक्सिलरेटर दाबू नका. वळण लांबून घ्या, ट्रेलर आतून कापतो. खडकवासल्याला थांबून पट्टे पुन्हा आवळा (सैल झालेले असतातच) आणि हबला हात लावा. कोमट चालेल, चटका बसला तर बेअरिंग गेलंय किंवा जायच्या बेतात आहे.

काठावर पोचल्यावर घाई नको, चहा प्या. तापलेला हब थेट पाण्यात गेला की आतली हवा आकसते, सीलमधून पाणी ओढलं जातं आणि ग्रीसचं ताक होतं. रिव्हर्स जमत नसेल तर ट्रेलर सोडून हाताने ढकला, कोणी हसत नाही. डोलकाठी उभी करण्याआधी वर विजेच्या तारा बघा. बूच लावा.

परतताना तेच सगळं, उजेड आहे तोवर. बूच पुन्हा उघडं.

आणि स्टेपनी चोरीला जाऊ नये म्हणून मी ती आता साखळी-कुलपाने ट्रेलरलाच बांधलीये. त्या कुलपाची किल्ली गाडीच्या किल्लीलाच अडकवा. यंदा पहिल्या फेरीला ती घरी खुंटीवर राहिली होती.