नोकरीचं काही खरं दिसत नाहीये? शेवटच्या वर्षातच धंद्यासाठी मनाची तयारी कशी करायची

डिग्री हातात यायला काही महिने राहिलेत, मागच्या वर्षीचे सीनियर्स अजून घरीच आहेत, आणि कोणीतरी सहज बोलून जातं की नोकरी नाही तर स्वतःचं काहीतरी सुरू कर की. याचा राग येतो आणि तो यायलाच हवा, कारण सांगणारा सांगून मोकळा होतो आणि ऐकणाऱ्याला सोमवारी सकाळी उठून नेमकं काय करायचं तेच माहीत नसतं. म्हणून हे लिहितेय. नोकरी चांगली की धंदा चांगला या वादात मला पडायचं नाहीये. तुमच्या मनाची तयारी किती आहे ते कसं बघायचं आणि कमी असेल तर वाढवायची कशी, एवढंच सांगते.

आधी एक ओझं उतरवा. नोकरी न मिळणं म्हणजे आपल्यातच काहीतरी कमी आहे असं वाटायला लागतं, पण आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या हिशोबाने २०२३ मध्ये जगभरात १५ ते २४ वयाच्या तरुणांमध्ये बेरोजगारी १३ टक्के होती, म्हणजे जवळपास साडेसहा कोटी पोरं-पोरी. आणि कमी किंवा मध्यम उत्पन्नाच्या कितीतरी देशांमध्ये जास्त शिकलेल्यांत बेकारी जास्त दिसते, कारण ज्याला थांबणं परवडत नाही तो मिळेल ते काम धरतो आणि शिकलेला मनासारख्या नोकरीच्या रांगेत उभा राहतो. रांगेत उभं राहण्यात चूक काहीच नाही, फक्त तो वेळ रिकामा जाऊ द्यायचा नाही.

आता कागद घ्या, खरंच घ्या, मोबाईलमध्ये नको. तीन प्रश्न लिहा: मला स्वतःचं काम करायला आवडेल का, मी ते केलं तर माझ्या जवळची माणसं काय म्हणतील, आणि मला ते जमेल का. प्रत्येकापुढे दहापैकी मार्क द्या. हे तीन प्रश्न मी मनाने काढलेले नाहीत, आइसेक आयझेन या मानसशास्त्रज्ञाने १९९१ मध्ये मांडणी केली होती की माणूस एखादी गोष्ट करायचं ठरवतो ते साधारण या तीन गोष्टींवरून, आणि विद्यार्थ्यांच्या उद्योजकतेवरचा बराचसा अभ्यास आजही हीच चौकट धरून होतो. मी ज्या मुलामुलींशी बोलते त्यांचा पहिला आकडा बहुतेक वेळा मोठा असतो आणि तिसरा पार तळाला. गंमत म्हणजे मेहनत मात्र सगळी पहिल्यावरच चाललेली असते, यशस्वी लोकांचे व्हिडिओ, सेमिनार, पोस्टर, म्हणजे आवड आणखी वाढवायची, जी आधीच आहे. तुमचा तिसरा आकडा कमी असेल तर तिथेच काम करा.

मध्येच एक प्रश्न स्वतःला प्रामाणिकपणे विचारून घ्या: उद्या बरं ऑफर लेटर आलं तर मी हे सोडीन का? उत्तर हो असेल तर लाज वाटायचं कारण नाही. आल्बर्ट शापेरो आणि लिसा सोकोल या उद्योजकतेच्या अभ्यासकांनी १९८२ मध्येच लिहून ठेवलंय की सगळं सुरळीत चाललेलं असताना माणसं सहसा वाट बदलत नाहीत, काहीतरी धक्का लागतो तेव्हा बदलतात, आणि नोकरी नसणं हा तसाच धक्का आहे. फक्त उत्तर हो असेल तर काम असं निवडा जे तीन महिन्यांत कोणाचंही नुकसान न करता गुंडाळता येईल, आणि त्यासाठी कर्ज बिलकुल काढू नका. उत्तर नाही असेल तर मोठा विचार करा, पण सुरुवात तरीही लहानच.

मग जमेल असं वाटायला कसं लागतं? आल्बर्ट बांडुरा या मानसशास्त्रज्ञाने १९७७ मध्ये याचे चार स्रोत सांगितले: स्वतः करून जमल्याचा अनुभव, आपल्यासारख्याच कोणाला ते जमताना बघणं, कोणीतरी धीर देणं, आणि त्या वेळी आपलं अंग आणि मन कसं आहे, म्हणजे छातीत धडधड होतेय की शांत आहोत. यातला सगळ्यात पक्का पहिला. भाषण तिसऱ्यात येतं, म्हणून हॉलमधून बाहेर पडताना वाटणारा जोश दोन दिवसांत उतरतो, त्यात तुमचा दोष नाही. दुसऱ्या स्रोतासाठी अब्जाधीशांकडे बघू नका हो, तुमच्याच कोर्सचा, दोन-तीन वर्षांपूर्वी पास झालेला, छोटं काम करून स्वतःचा खर्च भागवणारा माणूस शोधा आणि त्याच्यासोबत एक अख्खा दिवस काढा, त्याचे फोन, त्याचे नकार, थकलेली बिलं सगळं बघा.

पहिला स्रोत म्हणजे करणं, आणि इथेच सगळे अडतात, म्हणून जरा सविस्तर सांगते. समजा तुम्ही कॉम्प्युटरचे विद्यार्थी आहात आणि दवाखान्यांसाठी अपॉइंटमेंटची आठवण करून देणारं ॲप बनवायचं डोक्यात आहे. ॲप बनवू नका. आधी एका दातांच्या दवाखान्यात जा, गर्दी नसेल तेव्हा, आणि रिसेप्शनवरच्या ताईंशी बोला. "असं ॲप आलं तर तुम्हाला आवडेल का?" हे विचारायचं नाही, कारण समोरचा माणूस चांगला असतो, तो हो म्हणतो आणि तुम्ही खूश होऊन सहा महिने कोड लिहीत बसता. त्याऐवजी झालेल्या गोष्टी विचारा: मागच्या आठवड्यात किती जण वेळ घेऊन आलेच नाहीत, मग त्या वेळेत डॉक्टरांनी काय केलं, तुम्ही आदल्या दिवशी फोन करता का, किती वेळ जातो, कोण उचलत नाही. त्या सांगतील की संध्याकाळी पाऊण तास फोनच करत असते आणि निम्मे लोक उचलतच नाहीत. किंवा सांगतील की आमचे पेशंट चुकत नाहीत. दुसरं उत्तर आलं तरी तुमचे सहा महिने वाचले, दुसऱ्या दवाखान्यात जा.

पहिलं उत्तर आलं तर डॉक्टरांची परवानगी घेऊन दोन आठवडे तेच काम हाताने करा. रोज संध्याकाळी तिथे जायचं, उद्याची यादी बघायची, दवाखान्याच्याच फोनवरून एकेकाला मेसेज पाठवायचा, तुमच्या फोनमध्ये पेशंटचे नंबर घ्यायचे नाहीत आणि कोणाला काय झालंय ते तर वहीत अजिबात लिहायचं नाही. वहीत चारच रकाने: तारीख, किती अपॉइंटमेंट दिल्या होत्या, किती जण आले, किती जणांनी आधी कळवलं. दोन आठवड्यांनी ती वही डॉक्टरांपुढे ठेवा आणि सरळ विचारा की हे पुढे चालू ठेवायचं असेल तर महिन्याला किती द्याल. हे वाक्य तोंडातून काढताना घसा कोरडा पडतो, बऱ्याच जणांना पैसे मागणं म्हणजे भीक मागितल्यासारखं वाटतं, आणि माझ्या मते विद्यापीठात चार वर्षांत न शिकवलेली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच आहे. आकडा ठरवून जा. नाही म्हणाले तर का नाही ते विचारा, तिथेच थांबून लिहून घ्या. हे एकदा केलंत की कागदावरचा तो तिसरा आकडा पुन्हा लिहून बघा.

एक सावध करते. असं काही केल्यावर धंद्याची इच्छा कमीही होऊ शकते. नेदरलँड्समध्ये एका व्यावसायिक महाविद्यालयात विद्यार्थ्यांनी गट करून खरीखुरी छोटी कंपनी चालवायची असा कार्यक्रम होता, त्याचा अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला, आणि निघालं काय तर उद्योजक व्हायची इच्छा उलट घटली, अभ्यासकांच्या मते मुलांना आपली क्षमता आणि त्या कामातले कष्ट खरे दिसले असावेत. मला यात वाईट काही वाटत नाही. बावीसाव्या वर्षी एका सेमिस्टरमध्ये कळलं की हे आपलं काम नाही तर ते फार स्वस्तात कळलं.

उद्योजकतेचा कोर्स केला की कामच मिळेल असंही कोणी सांगत असेल तर जरा थांबा. ट्युनिशियात २००९-१० मध्ये पदवीच्या शेवटच्या वर्षात थीसिसऐवजी बिझनेस प्लॅन लिहायचा पर्याय दिला होता, सोबत ट्रेनिंग आणि मार्गदर्शक. पास झाल्यावर वर्षभराने बघितलं तर स्वतःचं काम करणारे थोडे वाढले होते, पण एकूण काम मिळालेल्यांचं प्रमाण काही बदललं नव्हतं. याउलट आफ्रिकेतल्या टोगोमध्ये आधीच छोटा धंदा करणाऱ्या लोकांना दोन प्रकारचं ट्रेनिंग देऊन बघितलं, एकीकडे नेहमीचं हिशोब-मार्केटिंग आणि दुसरीकडे स्वतःहून पुढाकार घेणं, पुढचं बघणं, अडथळा आला तरी न सोडणं. २०१७ मध्ये छापलेल्या निकालात दुसऱ्या गटाचा नफा ३० टक्क्यांनी वाढलेला दिसला, पहिल्याचा ठामपणे सांगता येईल इतका वाढला नाही. म्हणजे वृत्ती शिकता येते, पण ती वर्गातल्या स्लाइडपेक्षा रोजच्या वागण्यातून येते. म्हणून कॉलेजने कोर्स निवडायला दिला तर आधी विचारा की यात बाहेरच्या माणसाला काही विकायला लागतं का, नसेल तर मार्कांसाठी करा, तयारीसाठी वेगळा वेळ काढा.

पैशाचं पटकन सांगते. किती कमावू हा प्रश्न आत्ता बाजूला ठेवा, किती गेलं तर चालेल ते आधी ठरवा, ही उद्योजकतेच्या अभ्यासक सरस सरस्वती यांची २००१ ची मांडणी आहे आणि विद्यार्थ्यांना ती चपखल बसते, कारण तुमच्याकडे पैसा कमी पण वेळ, ओळखी आणि एखादं कौशल्य असतं. अमेरिकेच्या सरकारी आकडेवारीत नव्या धंद्यांपैकी साधारण पाचवा हिस्सा पहिल्या वर्षात बंद होतो आणि पाच वर्षांत जवळपास निम्मे, तेव्हा घरच्यांचं सेव्हिंग यात घालू नका. नुसत्या पैशाचीच नाही, वेळेचीही मर्यादा घाला, अमुक तारखेपर्यंत, आठवड्याला एवढे तास.

घरच्यांना कसं सांगायचं? कागदावरचा दुसरा प्रश्न. "मी बिझनेस करणार" असं जाहीर केलं की घरात भांडण ठरलेलं, कारण त्यांना त्यात तुमचं सगळं आयुष्य पणाला लागलेलं दिसतं. त्यापेक्षा वही दाखवा, मिळालेले पैसे दाखवा, थांबायची तारीख सांगा आणि नोकरीचे अर्ज चालूच आहेत तेही सांगा. आणि ते खरोखर चालू ठेवा. अमेरिकेतल्या सगळ्यात वेगाने वाढलेल्या कंपन्यांच्या संस्थापकांचं सुरुवातीचं सरासरी वय ४५ निघालं होतं, २०२० च्या अभ्यासात, तेव्हा आधी चार-पाच वर्षं नोकरी करून त्या क्षेत्रातल्या अडचणी जवळून बघणं ही पण तयारीच आहे.

"बघू, या महिन्यात करते" असं म्हणालात तर होणार नाही. मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांच्या संशोधनातून कधी, कुठे, कसं हे आधीच ठरवण्याचा फायदा दिसलाय, म्हणून असं लिहा: बुधवारी दुपारी तीनचं लेक्चर संपलं की मी थेट त्या दवाखान्यात जाणार, डॉक्टर नसतील तर ताईंना विचारून पुढची वेळ घेणार.

ठरवलेली तारीख आली आणि काम चाललं नाही तर गुपचूप गायब होऊ नका. ताईंना मेसेजचा मजकूर त्यांच्या फोनमध्ये सेव्ह करून द्या, ज्या दिवसांचं काम झालं नाही त्याचे पैसे परत करा, आणि डॉक्टरांकडून केलेल्या कामाबद्दल दोन ओळी लिहून मागा. इंटरव्ह्यूमध्ये "मला स्टार्टअपची आवड आहे" म्हणण्यापेक्षा आधी किती अपॉइंटमेंट चुकत होत्या, नंतर किती चुकल्या आणि मी रोज नेमकं काय करत होते, ते आकड्यांसकट सांगा.