सीतेची वेणी आंब्यावर कशी लावावी

पावसाळ्याच्या तोंडावर आमच्या कुडाळकडे आंब्या-फणसाच्या फांद्यांवरून सीतेच्या वेणीचे हातभर घोस लोंबायला लागतात. पांढऱ्या पाकळ्या, त्यावर जांभळट गुलाबी ठिपके आणि एकेका घोसात शंभरावर फुलं. आसामात ह्यालाच कोपौ फूल म्हणतात. तिथे ते राज्यफूल आहे आणि बिहूला नाचणाऱ्या मुली ते केसांत माळतात. आमच्याकडे मात्र शेजारचे आप्पा दरवर्षी कोयता घेऊन विचारतात, "हे बांडगूळ काढून टाकू का?"

नको! बांडगूळ झाडात मुळं घुसवून रस ओढतं. सीतेची वेणी ही आमरी, म्हणजे ऑर्किड, फक्त सालीला धरून बसते आणि पाऊस, दव, सालीवर साठलेला कचरा यांवर जगते. आंब्याचं त्यात काहीच जात नाही.

आता रोप कुठून आणायचं? जंगलातल्या झाडावरून ओरबाडून नक्कीच नाही. धुळीसारखं बारीक बी हजारोंनी उडतं, पण योग्य बुरशी भेटल्याशिवाय ते रुजत नाही आणि रुजलेलं रोप फुलावर यायलाही वर्षं लागतात. प्रयोगशाळेतल्या बाटलीत वाढवलेली रोपं विकणारी रोपवाटिका शोधा. नाहीतर आपल्याच बागेत वादळाने फांदी मोडली तर तिच्यावरचं रोप वाचवा.

फुलं नसली तरी रोप ओळखता येतं. पानं जाड, पन्हळीसारखी दुमडलेली, समोरासमोरच्या दोन ओळींत असतात आणि त्यांचं टोक तिरकं खुडल्यासारखं दिसतं.

लावायची उत्तम वेळ जूनचा पहिला पाऊस. तेव्हा मुळांना हिरवी टोकं फुटत असतात आणि ती चटकन साल पकडतात. झाड खरबरीत सालीचं घ्या: आंबा, फणस, जांभूळ. पेरू नको, त्याची साल सुटते. फांदीची पूर्वेकडची बाजू निवडा, म्हणजे सकाळचं कोवळं ऊन मिळेल आणि दुपारचं टळेल. कुजलेली मुळं कापा, बाकीची सालीवर पसरा आणि सुंभाने किंवा जुन्या सुती लुगड्याच्या पट्टीने घट्ट बांधा. रोप हललं की नवी टोकं घासून मरतात, म्हणून घट्ट. तार वापरू नका, ती बुंधा कापते. सुती पट्टी कुजेपर्यंत मुळांनी पकड घेतलेली असते. आणि शेंडा जरा कलता ठेवा. सरळ उभ्या शेंड्यात पाणी साचतं आणि कोकणातल्या पावसात तो आठवड्यात कुजतो.

माती अजिबात नको. पुण्याकडच्या कोरड्या हवेत मुळांखाली नारळाच्या सोडणाचा एक तुकडा बांधलात तर ओल टिकेल. आमच्याकडे त्याचीही गरज नाही. कुंडीतच हवं असेल तर लाकडी पट्ट्यांची लटकती टोपली, आत कोळशाचे मोठे तुकडे, बस्स.

पाण्याचा हिशेब मुळंच सांगतात. कोरडी असली की चंदेरी पांढरी, भिजली की हिरवी. पावसाळ्यात काही करू नका. थंडीत आठवड्यातून दोनदा पुरे. मार्च ते मे रोज सकाळी फवारा, पण संध्याकाळपर्यंत मुळं पुन्हा पांढरी झाली पाहिजेत. सतत ओली राहिली तर समजा हवा कमी पडतेय.

पानं काळपट हिरवी आणि मऊ झाली तर ऊन कमी, लालसर पिवळी झाली तर जास्त. फूल येत नाही अशी तक्रार करणारे बहुतेक जण रोप गर्द सावलीत ठेवतात, असं माझं निरीक्षण आहे. १९:१९:१९ खत (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं) लिटरभर पाण्याला अर्धा ग्रॅम, वाढीच्या दिवसांत पंधरवड्यातून एकदा, तेही आधी भिजवलेल्या मुळांवर. शेणखत फासायचा मोह आवरा.

पावसाळ्यात रात्री बॅटरी घेऊन एक फेरी मारा. गोगलगायी मुळांची कोवळी टोकंच आधी खातात. पानाच्या बेचक्यातून फुलाचा दांडा डोकावला की टोपलीची दिशा बदलू नका, घोस वाकडा होतो. फुलं दोन-तीन आठवडे टिकतात, त्यानंतर वाळलेला दांडा कापून टाका. नव्याने बांधलेलं रोप पहिल्या वर्षी फुललं नाही तर ते सोडवून दुसरीकडे हलवू नका. आधी त्याला मुळं धरू द्या.