नागपूरचा 101 पुण्यात वाजू नये म्हणून

सगळ्या शाखांना मिळून एकच ऑफिस फोन सिस्टिम बसवताना फोन, केबल, एक्स्टेन्शनची (आतल्या छोट्या नंबरांची) यादी हे असेलच, त्यावर वेळ घालवत नाही. आधी प्रत्येक शाखेची बाहेर जाणारी लाइन कागदावर लिहा: पुणे 020, नाशिक 0253, नागपूर 0712, पणजी 0832. सिस्टिम पुण्यात आणि सगळ्यांचे कॉल पुण्याच्याच ट्रंकवरून (बाहेर जाणाऱ्या लाइनवरून) निघत असतील, तर नागपुरात 101 फिरवला की फोन उचलतं पुण्याचं अग्निशमन दल. 112 चंही तेच: पणजीचा कॉल महाराष्ट्राच्या नियंत्रण कक्षात, गोव्याच्या नाही. म्हणून 100, 101, 108, 112 चे रूट शाखेगणिक वेगळे, त्या-त्या गावच्या ट्रंकवर. मागच्या खेपेस नेमकं हेच राहिलं होतं.

एक्स्टेन्शन 1 ने सुरू करू नका. 112 हे अकाउंट्सचं एक्स्टेन्शन असेल, तर मदतीचा कॉल त्यांच्याच टेबलावर वाजेल. 1121 दिलात तर 112 फिरवणाऱ्याला सिस्टिम चौथ्या आकड्यासाठी ताटकळत ठेवेल. 2 पासून द्या. बाहेरच्या लाइनला 0 लागत असेल तर 112 आणि 0112 दोन्ही चालले पाहिजेत. पण 0112 चे चारच आकडे जुळवा. 'पुढे काहीही' असं ठेवलंत तर मिस्ड कॉलवरून थेट लावलेले 011-2 वाले दिल्लीचे नंबर 112 वर जाऊन आदळतील.

आता बॅकअप रूट. तीच चूक इथे मागच्या दाराने येते! नागपूरची लाइन पडली की सिस्टिम मुकाट्याने पुण्याची ट्रंक उचलते, आणि 101 परत पुण्यात. बॅकअपवर 101 तसाच सोडू नका. तिथल्या अग्निशमन केंद्राचा पूर्ण नंबर 0712 सकट घाला, आणि तो आधी फिरवून बघा.

कॉलर आयडी त्या शाखेचाच हवा. रात्री नियंत्रण कक्षातून उलट फोन आला तर 'सेल्ससाठी 1 दाबा' नको, वॉचमनच्या टेबलावर वाजू दे.

लॉबी, लिफ्ट, पॅन्ट्रीतले बाहेर कॉल बंद केलेले फोनही हे नंबर लावतील असं करा, पिन न मागता. राउटर आणि पीओई स्विच (नेटवर्कच्या केबलमधूनच फोनला वीज देणारा) यूपीएसवर. सॉफ्टफोन (लॅपटॉपवरचं ऑफिसचं फोन अ‍ॅप) घरी नेला तरी कॉल ऑफिसचाच दिसतो, म्हणून घरून हे नंबर मोबाइलवरूनच लावा.

चाचणी प्रत्येक शाखेतून, पुण्यात बसून चारदा नव्हे. 'चाचणी आहे' हे आधी सांगा, कुठलं शहर ते विचारा, मधेच फोन ठेवू नका. मग तिथल्या लाइनची केबल काढून बॅकअपचा 101 पुन्हा.