राननाचणी ओळखताना या चुका टाळा

गणपती उठले की मला फोटो यायला लागतात. ठाण्यातली येऊरची वाट, उपवन तलावाचा काठ, नवी मुंबईतल्या पाम बीच रोडचा दुभाजक. पंजासारखी पसरलेली हिरवी कणसं आणि खाली प्रश्न, ‘राननाचणी ना?’ म्हणजे एल्युसिन इंडिका हे गवत. बऱ्याचदा ती नसते.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे नुसती बोटं बघून नाव ठेवायचं. असा पंजा हरळीलाही असतो, डॅक्टिलोक्टेनियम नावाच्या गवतालाही. मी स्वतः यात आपटलोय. वाशीच्या खाडीलगतच्या मोकळ्या प्लॉटवरून एकदा सात नमुने आणले. कात्रीने कापून, कारण उपटायचा कंटाळा. रद्दीत दाबून वाळवले आणि प्रत्येक कागदावर ऐटीत ‘एल्युसिन इंडिका’ लिहिलं. आमच्या सरांनी एक कागद उचलला, भिंग लावलं आणि विचारलं, “अरे, कणसाच्या टोकाला ही टाचणी कुठून आली?” डॅक्टिलोक्टेनियमच्या कणसाचा दांडा दाण्यांच्या पुढे उघडा, टोकदार निघतो. राननाचणीचं कणीस शेंड्यापर्यंत भरलेलं असतं. पाच कागद तिथेच बाद झाले. उरलेल्या दोनांची टोकं दाबताना मोडली होती आणि बुडखे मी प्लॉटवरच सोडून आलो होतो. नोव्हेंबरात परत गेलो, तर जेसीबीने सगळं सपाट केलेलं.

तेव्हापासून मी आधी खाली बसतो. राननाचणीचं बूड चपटं आणि पांढरट असतं, जणू कुणी चिमटीत दाबून ठेवलंय. मुळं इतकी चिवट की उपटताना हात लाल होतो. हरळी जमिनीवर धावते, पेराला मुळं धरते, शिवाय जमिनीखालीही पसरते. डॅक्टिलोक्टेनियमही पेराला मुळं धरतं, पण आहे वर्षायू, त्यामुळे ‘पसरतंय म्हणजे बहुवर्षायू’ हा हिशोब नको. आणखी एक खूण: राननाचणीचं एखादं कणीस बाकीच्यांपेक्षा थोडं खालून निघतं. कायम नाही, पण दिसलं की माझा जीव भांड्यात पडतो. येऊर राष्ट्रीय उद्यानात येतं, तिथे उपटायचं नाही. बोटांनी बूड मोकळं करा, फोटो काढा, उठा.

लव्हाळ्याला गवत समजू नका. काडी दोन बोटांत फिरवा, तीन धारा लागतील.

राननाचणी हा आपल्या नाचणीचा थेट पूर्वज, असंही ठोकून देतात. नाचणी आफ्रिकेतल्या एल्युसिन आफ्रिकानापासून आली. ही तिची जवळची नातेवाईक.

फोनमधल्या ॲपने दिलेलं नाव मला सांगू नका. त्याला बूड दाखवलंच नाही, तर ते तरी काय करणार? दहापट मोठं दाखवणारं भिंग खिशात ठेवा. आणि नुसती पानं पाठवून नाव मागणाऱ्यांना मी आता एकच उत्तर देतो: कणीस येऊ दे.